इटलीच्या प्रश्नाला चार गुण

सेहेचाळीस साली मी साताऱ्यात व्यापारी भूगोल शिकवत होतो आणि तोवर मी समुद्र पाहिलेला नव्हता. रहिमतपुरात वडिलांचं शिवणकामाचं दुकान होतं. त्या मशीनवर त्यांनी मला पुण्याला ठेवून बी.ए. केलं, आणि पुण्याच्या पलीकडं जायची मला कधी गरज पडली नव्हती. युरोपचा नकाशा मात्र मी डोळे मिटून काढू शकायचो. कुठली नदी कुठल्या बंदराशी मिळते, कोळसा कुठून निघून कुठं जातो, हे मला आमच्या रहिमतपूरच्या आळ्यांपेक्षा चांगलं पाठ होतं, आणि त्याचा मला अभिमान होता.

लढाई संपली होती. आमच्या भागातली माणसं फौजेतून परत येत होती. कुणी शेतात गेलं, कुणी पोलिसात. थोडं लिहायला-वाचायला येणाऱ्यांना कारकुनी काम शिकवावं म्हणून एका शाळेच्या इमारतीत संध्याकाळचा वर्ग निघाला. सहा महिन्यांचा. इंग्रजी पत्रव्यवहार, जमाखर्च आणि व्यापारी भूगोल असे तीन विषय. पास होणाऱ्याला दाखला मिळायचा. वर्गाचे प्रमुख एक निवृत्त हेडमास्तर होते. त्यांनी मला भूगोलाला घेतलं. मी चोवीस वर्षांचा होतो. समोर बसणारे सगळे माझ्याहून मोठे, काहींच्या मिशा पिकायला लागलेल्या. दिवसा ज्या बाकांवर चौथीची मुलं बसत, त्यांवर ही आडदांड माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसायची.

त्यांतले एक जण पाय पोटाशी घेऊ शकत नसत. डावा पाय ते सरळ बाहेर, दोन बाकांच्या मधल्या वाटेत ठेवायचे. त्यांना सगळे नाईक म्हणत. ते त्यांचं आडनाव नव्हतं, पलटणीतला हुद्दा होता. आटपाडीकडचे. वय बत्तीस-तेहतीस. इटलीत आधी त्यांनी डोंगरावर खेचरांवरून सामान नेलं, मग लॉरी चालवली. नदीवरच्या एका तात्पुरत्या पुलावरून त्यांची लॉरी घसरली आणि डावा गुडघा चेंगरला. गुडघा बरा झाला, पण पुरता वाकेना. फौजेनं त्यांना घरी पाठवलं.

नाईक त्या वर्गात का आले होते, हे मला पहिल्याच आठवड्यात समजलं होतं. ते कळल्यावरही मी पुढं जे केलं ते केलं, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

सांगलीच्या पेठेत एक जैन व्यापारी होते. हळदीचा आणि गुळाचा माल इकडून तिकडं पोचवून द्यायचा त्यांचा धंदा. त्या दिवसांत साताऱ्याहून सांगलीला जायचं म्हणजे वाटेत राज्यं लागायची. सातारा इंग्रजांचा, सांगली संस्थान, मिरज संस्थान, मध्येच औंध संस्थानाची गावं. नाईकांची आटपाडीही औंधातच. ठिकठिकाणी नाका, जकात आणि वेगळी पावती. त्यामुळं माल रेल्वेनं टाकावा, लॉरीनं न्यावा की बैलगाडीनं, कुठल्या वाटेनं गेलं की दोन नाके चुकतात, हे बघायला त्या व्यापाऱ्यांना एक माणूस हवा होता. बसून करायचं काम. नाईक त्यांच्याकडं जाऊन आले होते. व्यापारी म्हणाले होते, वर्गाचा दाखला आणा, जागा तुमची.

आणि दुसरं काम होतं लॉरी चालवायचं. ते त्यांना केव्हाही मिळालं असतं. पण डाव्या पायाखाली क्लच असतो.

नाईक हुशार होते. अक्षर मोठं आणि गोल, ओळी थोड्या वर चढत जाणाऱ्या. प्रश्न विचारायचे ते उभं राहून, बाकाला धरून, आणि उभं राहायला त्यांना वेळ लागायचा. त्या वेळात सगळा वर्ग गप्प होऊन त्यांच्याकडं बघायचा. मला तेही आवडायचं नाही. तोंडावर मी त्यांना 'तुम्ही' म्हणत असे, मनात एकेरी. आता मनातसुद्धा तसं म्हणवत नाही.

एके दिवशी मी इटलीवर आलो. माझ्याकडं लढाईच्या आधीचं एक इंग्रजी पुस्तक होतं. त्यावरून मी मराठीत टिपणं काढली होती आणि तीच मी वर्गाला सांगत असे. शेजारशेजारच्या देशांत माल कसा जातो, तीन मार्ग: हवाई, सागरी, रस्ता. सागरी वाहतूक संथ परंतु स्वस्त, जड मालास योग्य. रस्त्याची वाहतूक जवळच्या अंतरास सोयीची, माल दारापासून दारापर्यंत पोचतो. हवाई वाहतूक महाग परंतु जलद, टपाल, औषधं, घड्याळं अशा हलक्या आणि मोलाच्या वस्तूंना योग्य. मी पट्टी घेऊन नकाशापाशी उभा होतो. बुटासारख्या इटलीच्या टाचेवर पट्टी ठेवली आणि ग्रीसपर्यंत ओढली.

"इथून इथं जहाज एका रात्रीत पोचतं," मी म्हणालो. "त्यामुळं या दोन देशांत सागरी मार्ग सर्वांत सोयीचा."

नाईक उठायला लागले. मी थांबलो.

"मास्तर, आमाला त्याच वाटंनं न्हेलं हुतं," ते म्हणाले. "समुद्रावर एक रातच लागली. पर म्होरं तीन दिस बंदराभाईर हुबं हुतो. आत जाया जागाच न्हवती. बुडाल्याली जहाजं आडवी पडल्याली."

"ते लढाईत," मी म्हणालो. "आपण सर्वसाधारण परिस्थितीचा विचार करतो आहोत."

"व्हय, पर बंदर अजून तसंच आसंल की."

"पुस्तकात एक रात्र दिली आहे."

मागच्या बाकावरून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "पुस्तक बोटीत बसलं न्हवतं जनू!"

सगळा वर्ग हसला. पलटणीत हसतात तसं मोकळं, छाती भरून. बाहेरून जाणाऱ्या शाळेच्या शिपायानं दारातून डोकावून बघितलं. नाईक हसले नाहीत. उलट मागं वळून त्यांनी त्या माणसाला दटावलं, "गप रं गड्या, मास्तर शिकवत्यात." मग ते खाली बसले. मी पट्टी टेबलावर ठेवली आणि उरलेला तास नुसती टिपणं सांगून काढला.

त्यांच्या मनात काही नव्हतं हे मला तेव्हाही दिसत होतं. त्यांना खरंच वाटत होतं की मास्तरांना ही गोष्ट माहीत नसेल तर सांगावी. मला मात्र घरी जाताना एवढंच आठवत राहिलं की चाळीस माणसं मला हसली, आणि ती सगळी समुद्रावरून जाऊन आलेली होती.

परीक्षेचा पेपर मीच काढला. शेवटचा मोठा प्रश्न मी मुद्दाम हाच घातला: इटली आणि तिचे शेजारी देश यांच्यामधील मालवाहतुकीत हवाई, सागरी व रस्ता या मार्गांची तुलना करा. पंचवीस गुण. प्रश्न लिहिताना माझ्या डोळ्यांपुढं कोण होतं, हे मी त्या वेळी स्वतःला विचारलं नाही.

बाकी सगळ्यांनी माझी टिपणं उतरवली होती. कुणी तीनही मार्ग लिहिले, कुणी दोन आठवले तेवढे. नाईकांनी साडेतीन पानं लिहिली होती आणि त्यांत टिपणांतलं वाक्य एकही नव्हतं.

तो कागद आज माझ्याजवळ नाही. पुढं मी त्याच्यासाठी शाळेची दोन कपाटं धुंडाळली, पण ते गठ्ठे रद्दीत गेले होते. मला आठवतं ते असं. त्यांनी लिहिलं होतं की मार्ग कुठला ते ठरवण्याआधी माल किती वेळा उचलावा आणि खाली ठेवावा लागणार ते मोजावं. जहाज स्वस्त, हे खरं. पण कारखान्यातून गाडीत, गाडीतून धक्क्यावर, धक्क्यावरून बोटीत, आणि पलीकडं पुन्हा तसंच. दर खेपेला थोडं फुटतं, थोडं भिजतं, थोडं कुणीतरी नेतं. लॉरीत एकदा भरलं की थेट दारात उतरतं, पण रस्त्याला पूल हवा. एक पूल पडला की शंभर मैलांचा वळसा, आणि वळसाही बंद असेल तर खेचर. खेचर किती ओझं नेतं, चढावर किती दमतं, चाऱ्याचंच ओझं त्याच्या निम्म्यानं कसं होतं, हेही लिहिलं होतं. विमानाबद्दल त्यांनी लिहिलं होतं की इस्पितळात असताना रक्ताच्या बाटल्या विमानानं आलेल्या त्यांनी पाहिल्या. त्या जहाजानं आल्या असत्या तर त्यांच्या शेजारच्या खाटेवरचा शिपाई वाचला नसता. म्हणून विमानाचं भाडं महाग की स्वस्त, हे पाठवणाऱ्याला नव्हे, ज्याच्याकडं जायचं त्याला विचारावं.

मी ते दोनदा वाचलं. उत्तम आहे हे मला पहिल्याच वाचनात कळलं होतं. मग मी लाल पेन्सिल घेतली आणि समासात लिहिलं: 'प्रश्नाला धरून नाही.' आणि खाली चार गुण दिले.

बेरीज एकतीस झाली. पास व्हायला पस्तीस लागत.

प्रमुखांकडं निकाल घेऊन गेलो तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून यादी पाहिली. बोट एका ओळीवर थांबलं.

"हे इतर दोन विषयांत चांगले आहेत की. तुमच्याकडं चार गुणांनी गेले?"

"पुस्तकाला सोडून लिहिलंय त्यांनी, सर."

"नीट पाहून दिलेत ना?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. वाटलं, पेपर मागतील. मागितला असता तर बरं झालं असतं. पण त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि सही केली.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी नाईक माझ्या खोलीवर आले. मी जिना उतरत होतो, ते खाली उभे होते, हातात वही. भांडायला आले असतील म्हणून मी तयारीतच होतो. तुम्ही वर्गात नीट लक्ष दिलं नाही, परीक्षा म्हणजे गप्पा नव्हेत, अशी वाक्यं मी मनात जुळवली होती.

ते म्हणाले, "मास्तर, त्या इटलीच्या प्रश्नाचं बरुबर उत्तर काय ते सांगता का? लिवून घेतो."

मला नाही म्हणता येईना. जिन्याच्या पायरीवर बसून मी माझी टिपणं वाचली आणि त्यांनी कठड्याला टेकून, वही डाव्या हातावर धरून, ती उतरवून घेतली. सागरी वाहतूक संथ परंतु स्वस्त. हवाई वाहतूक महाग परंतु जलद. मध्ये एकदा त्यांनी विचारलं, "परंतु म्हंजी पर न्हवं?" मी हो म्हणालो. सगळं लिहून झाल्यावर त्यांनी वही मिटली आणि नमस्कार केला.

"म्होरल्या वर्गाला परत बसतो," ते म्हणाले.

पुढचा वर्ग निघालाच नाही. तो एकदाच निघाला होता.

सांगलीची ती जागा दुसऱ्याच एकाला मिळाली. टिपणं चांगली पाठ असणारा एक तरुण होता, त्याला. नाईक त्याच व्यापाऱ्यांकडं लॉरीवर लागले, हे मला कुणाकडून तरी कळलं. पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून लढाईच्या दिवसांत मोटारींना मागं कोळशाची भट्टी लावून तिच्या गॅसवर त्या चालवत, तसली जुनी लॉरी. चढ आला की दम टाकायची. ऐकून मी म्हणालो, "बरं झालं, काहीतरी काम मिळालं." आणि तो विषय डोक्यातून काढून टाकला. निदान तसं मला वाटलं.

एकोणपन्नासच्या जूनमध्ये मला सांगलीच्या एका हायस्कुलात जागा मिळाली. माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. बायको वाईची. संसार लहानच, पण तिनं हौसेनं जमवलेला. माझी पुस्तकं, एक आरसा, एक काचेचं कपाट आणि तिच्या आईनं भरून दिलेल्या लोणच्याच्या आणि मुरंब्याच्या सहा चिनीमातीच्या बरण्या. सामान कसं न्यायचं, हे ठरवायचं काम माझं. बायको म्हणाली, "खालच्या आळीतला एक लॉरीवाला सांगलीलाच निघालाय म्हणे."

मी तिला समजावलं. जड सामान, लांबचं अंतर, तेव्हा रेल्वे स्वस्त आणि सोयीची. मी पुस्तकी माणूस. सातारा रोड स्टेशन गावापासून दहा मैल. तिथवर बैलगाडी. गाडीतून स्टेशनच्या गोदामात, गोदामातून डब्यात. मिरजेला सगळं उतरवून फलाटावर, मग सांगलीच्या गाडीत. सांगलीत पुन्हा खाली, हातगाडीवर, हातगाडीवरून दारात. मिरजेच्या फलाटावर हमालांनी कपाट आडवं टाकलं तेव्हा आतल्या काचेचा आवाज मी ऐकला. त्याच क्षणी माझ्या मनात कुणीतरी आकडा म्हणत होतं: चार. चौथ्यांदा उचललं. मी तिथं उभा राहून मोजत होतो हे मला उशिरा कळलं.

सहापैकी चार बरण्या गेल्या. पुस्तकांच्या खोक्यात कैरीचा खार उतरला होता. बायको दारात बसून खापऱ्या वेचत होती. ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर मी तिला नाईकांची गोष्ट सांगितली असती. ती सांगायला पुढं मला बरीच वर्षं लागली.

त्याच आठवड्यात मी त्या व्यापाऱ्यांची पेढी शोधत गेलो. धोतर, काळी टोपी, समोर हळदीचे नमुने कागदावर मांडलेले. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी गादीवर बसायला जागा केली.

मी सरळ सांगितलं. तीन वर्षांपूर्वी एका माणसाला मी चुकीनं नापास केलं, तो दाखला त्यांना मिळायला हवा होता, ते माझ्यामुळं तुमच्या लॉरीवर राहिले, आता तरी त्यांना बसून करायच्या कामावर घ्या. 'चुकीनं' हा शब्द मी तिथं वापरला.

त्यांनी समोरचं एक हळकुंड उचलून बोटांत फिरवलं.

"मास्तर, तो माणूस माझ्याकडं आला होता तेव्हा मला कळत नव्हतं का?" ते म्हणाले. "पाच मिन्टं बोलला न् मला समजलं, ह्याला वाटा कळत्यात. पर भागीदार म्हनाले, कागद असू दे. मीबी म्हटलं, असू दे. कागूद आला न्हाई."

"आता घ्या की."

"आता ती जागाच ऱ्हायली न्हाई. संस्थानं गेली, नाके उठले. आता साताऱ्याचा माल सांगलीला येताना मधी कोन विचारतंय? लॉरीत भरला की सांजच्याला हितं. तो दुसरा पोरगा ठेवला होता, त्यालाबी औंदा काढला."

"आणि नाईक?"

"गेल्या दिवाळीला त्यानं काम सोडलं. गुडघा सुजायचा. क्लचवरचा पाय उचलायचा तर हातानं उचलायला लागायचा. मीच म्हटलं, बाबा, कुनाच्यातरी अंगावर गाडी घालशील. गावाकडं गेलाय."

पेढीतून बाहेर आलो तेव्हा पेठेत हळदीच्या पोत्यांनी भरलेल्या दोन लॉऱ्या एकीमागं एक उभ्या होत्या. ड्रायव्हर तंबाखू मळत बसले होते. मी त्यांच्या पायांकडं बघत होतो.

आटपाडीला जायला मला आणखी दोन महिने लागले. सुट्टी नव्हती, हे निमित्त. शेवटी एका रविवारी विट्यावरून मोटारीनं गेलो. स्टँडवर विचारलं तर इटलीवाले नाईक सगळ्यांना ठाऊक होते. घर गावाच्या कडेला, दगडाचं, पुढं लिंबाचं झाड. नाईक सावलीत बसून घायपाताचा दोर वळत होते. डावा पाय तसाच सरळ पुढं. मला बघून त्यांना आधी ओळख पटली नाही. मग एकदम चेहरा उजळला.

"आवं मास्तर! तुमी हितं कुठं?"

उठायला लागले, मी खांद्याला धरून बसवलं. पाणी आलं, गूळ आला. इकडची तिकडची चौकशी झाली. दोन मुलं शाळेत जात होती. यंदा पाऊस नव्हता. मला कसं सुरू करावं ते सुचेना. तेच मग म्हणाले,

"मास्तर, ते उत्तर माज्या अजून ध्यानात हाय बरं का." आणि दोर बाजूला ठेवून, शाळेतल्या मुलासारखे हात मांडीवर घेऊन, त्यांनी म्हणून दाखवलं, "सागरी वाहतूक संथ परंतु स्वस्त, जड मालास योग्य. रस्त्याची वाहतूक जवळच्या अंतरास सोयीची. हवाई वाहतूक महाग परंतु जलद." एक शब्द चुकला नाही. "लॉरीवर एकला असलो की म्हनायचो. म्हटलं, वर्ग निगाला तर चुकाया नको."

मला ते ऐकवेना. मी म्हणालो, "तुमचं आधीचं उत्तर बरोबर होतं."

"कंचं?"

"पेपरात लिहिलेलं. माल किती वेळा उचलावा लागतो ते. सगळं बरोबर होतं. माझ्या टिपणांपेक्षा चांगलं होतं. मला तेव्हाच कळलं होतं. वर्ग मला हसला होता त्याचा राग होता माझ्या मनात. मी तुम्हाला मुद्दाम नापास केलं."

मला वाटत होतं, त्यांना हे आतून ठाऊक असणार. इतकी वर्षं मी तसं धरून चाललो होतो, आणि त्यात मला थोडा आधारही होता. तसं नव्हतं. ते माझ्याकडं बघत राहिले आणि हळूहळू त्यांना कळत गेलेलं मला दिसलं.

"मुद्दाम?" ते म्हणाले.

"हो."

"मला वाटलं, मलाच लिवाया आलं न्हाई."

मग त्यांनी मागं वळून हाक मारली, "अगं ए, जरा हिकडं ये." आतून त्यांची बायको आली, हात पिठानं भरलेले. "ह्ये आमचं मास्तर. काय म्हनत्यात ऐक." आणि मला म्हणाले, "सांगा मास्तर. परत एकदा सांगा तिला."

मला ते सगळं पुन्हा सांगावं लागलं. उभ्या असलेल्या बाईसमोर, बसून, सावलीत. दुसऱ्यांदा सांगताना मी 'राग' हा शब्द गाळला. मग तिनं विचारलं,

"मग आता ती नोकरी मिळंल?"

"ती जागा आता नाही," मी म्हणालो.

"मग कशाला आलासा?"

"अगं," नाईक म्हणाले.

"न्हाई, इचारते. ह्येंचा पाय तीन वर्सांत असा झाला. मी रोज रातीला तेल लावून चोळायची. ह्यो मानूस म्हनायचा, आपल्याला बुद्दी कमी पडली, आता पायानंच खायाचं. तवा का न्हाई आलासा?"

नाईकांनी पुन्हा दोर हातात घेतला, पण वळत नव्हते, नुसता धरून होते. मग ते म्हणाले, "असू दे. मास्तर लांबनं आल्यात. भाकरी टाक."

मी जेवलो. नको म्हणायची हिंमत झाली नाही. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि ताक. नाईक मुलांच्या शाळेबद्दल बोलत होते, तिथल्या मास्तरांचं कौतुक करत होते. आवाज नेहमीसारखाच होता, फक्त माझ्याकडं बघत नव्हते.

निघताना बाई आतून मुलाची वही घेऊन आली आणि तिनं ती माझ्यापुढं धरली.

"लिवून द्या," ती म्हणाली. "ह्ये पास हुतं म्हनून. तुमच्या हातानं."

"त्याला आता काही किंमत नाही," मी म्हणालो. "वर्ग बंद झाला. शिक्का नाही."

"शिक्का नसू दे. पोरं मोठी झाली की वाचतील."

"कशाला गं," नाईक म्हणाले, पण त्यांनी तिला थांबवलं नाही.

मी मुलाचं पेन घेतलं आणि एका कोऱ्या पानावर लिहिलं. वर्ग, वर्ष, विषय. नाईक उत्तीर्ण होण्यास सर्वस्वी पात्र होते. खाली सही केली. बाईला वाचता येत नव्हतं. तिनं ते पान नाईकांपुढं धरलं. त्यांनी सावकाश, ओळीवरून बोट फिरवत वाचलं. एका जागी बोट थांबलं. मग त्यांनी पानाची घडी घातली, तिच्या हातात दिली, आणि तिनं ती आत नेऊन फौजेच्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली. झाकण पडल्याचा आवाज मी ऐकला.

स्टँडवर मोटार नव्हती. विट्याकडं निघालेल्या एका लॉरीत शेंगांच्या पोत्यांवर मी चढून बसलो. गाव मागं पडल्यावर मला त्यांचं बोट कुठं थांबलं होतं ते लक्षात आलं. मी लिहिलं होतं: 'माझ्या नजरचुकीने त्यांना गुण कमी पडले.' तोंडानं दोनदा खरं सांगून झालं होतं आणि तरी कागदावर, सहीच्या वर, हाताला तोच शब्द सुचला होता. नाईकांनी तो वाचला होता आणि पानाची घडी घातली होती. लॉरी थांबवून उतरावं, मागं जावं, पान मागून घ्यावं, असं मला वाटलं. ड्रायव्हरच्या टपावर दोनदा थापसुद्धा मारली.

त्यानं मान बाहेर काढून ओरडून विचारलं, "काय वो, उतरायचंय?"

मी म्हणालो, "न्हाई. चला."